मुजावरांचा दुसरा कागद

"यात चुकीचं काय आहे ते सांगा," खासनीस साहेब म्हणाले. "सीटवर तुम्ही होतात. ब्रेक तुमच्या पायाखाली होता. बाई समोर आली तेव्हा तुमची नजर रस्त्यावर नव्हती. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत की नाहीत?"

"खऱ्या आहेत."

"मग सही करा."

सकाळचे अकरा वाजले होते. पोलीस ठाण्याच्या आवारात चिंचेखाली आम्ही दोघं उभे होतो. अपघात होऊन चार दिवस झाले होते. माझा जबाब आमच्या कंपनीच्या खासनीस साहेबांनी माझ्याच नावानं टाइप करून आणला होता, खाली माझं नाव आणि त्यावर सहीपुरती जागा. पेनसुद्धा त्यांनीच पुढे केलं. तीन खऱ्या गोष्टी एकाखाली एक लिहिल्या तरी कागद खोटा असू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मी उज्ज्वला ढमढेरे. अकरा वर्षं चिंचवडात शाळेची व्हॅन चालवली. एका पोराचा डबा कधी सांडला नाही माझ्या गाडीत. तोंड मात्र माझं पहिल्यापासून फटकळ, त्याबद्दल आईपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांची बोलणी खाऊन झाली आहेत. चाकणजवळच्या एका कंपनीत आपोआप चालणाऱ्या गाड्यांची चाचणी चालायची, तिथे मला घेतलं ते व्हॅनच्या अनुभवावर. गाडी स्वतःच वळायची, स्वतःच थांबायची, पण चालकाच्या सीटवर माणूस हवाच, असा नियम होता. तो माणूस म्हणजे मी. हात मांडीवर ठेवायचे, पाय ब्रेकजवळ ठेवायचा आणि गाडी चुकली तर झडप घालायची. शेजारीण म्हणायची, "मज्जा आहे बाई तुझी, बसायचा पगार!" तिला एकदा बसवायला हवं होतं. गाडी चालवून माणूस दमत नाही एवढा न चालवून दमतो.

आमच्या गाडीला एक खोड होती. वाऱ्याला भ्यायची. चाचणीचा सात किलोमीटरचा पट्टा कारखान्यांच्या मागून शेतांमधून जायचा, आणि दोन्ही बाजूंना जनावरांसाठी कडवळ पेरलेलं. वारं सुटलं की त्याची लांब हिरवी पानं रस्त्यावर झुकायची, आणि आमची बयो गचकन ब्रेक मारायची. असा विनाकारण ब्रेक लागला की दहा सेकंदांच्या आत टॅबवर नोंद करायची. चौदा कारणांची यादी, त्यातलं एक निवडायचं. नाही केलं तर तो टॅब पीं पीं करून डोकं उठवायचा. आधी हे काम मागच्या सीटवरचा इंजिनियर करायचा. मे महिन्यात त्याला प्रात्यक्षिकाच्या तयारीला घेतलं आणि टॅब माझ्या बाजूला बसवला.

मी मुजावरांना तेव्हाच सांगितलं होतं, "हे दोन्ही माझ्याच्यानं व्हायचं नाही. एक तर रस्ता बघते, नाहीतर तुमची पाटी लिहिते."

तौसिफ मुजावर म्हणजे मिरजेचा तीस-बत्तीस वर्षांचा शांत माणूस. आमच्या ऑफिसात एक मोठी खोली होती. तिथे वीस-पंचवीस पोरंपोरी दिवसभर रस्त्याची चित्रं बघून त्यातल्या वस्तूंना नावं द्यायची. ही गाय, ही स्कूटर, ही झाडाची सावली. त्यावरून गाडी शिकायची. त्या खोलीचे प्रमुख मुजावर, आणि टॅबवरच्या नोंदीही त्यांच्या खोलीतूनच वर जायच्या. बोलायच्या आधीसुद्धा परवानगी मागतील असा स्वभाव. "ताई, वर कळवतो," एवढंच ते म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, कळवलंस तू.

गुरुवारी सकाळी साडेनऊला वारं सुटलं होतं. ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीनं ब्रेक मारला, मी टॅबकडे वळले. गाडी पुन्हा निघाली. मान वर केली तर समोर कडवळाचा एक भारा चालत होता! भाऱ्याखाली दोन पाय. पानं पार कमरेपर्यंत लोंबत होती, त्यात बाईचं तोंड काय न् खांदे काय, काहीच दिसत नव्हतं. एका पानाला भिणारी गाडी त्या अख्ख्या भाऱ्याकडे बघून जराही थांबेना. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. तरी धडक बसलीच.

बाई चरात पडली होती. डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं, हे बघताक्षणी कळत होतं. मी रुग्णवाहिकेला फोन केला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझे दात वाजायला लागले. ती मला म्हणते, "बाय, मपला इळा कुठं पडला बघ गं. कुनाच्या पायाला लागंल."

त्या झुंबरबाई शिंगाडे. साठीच्या होत्या. तो विळा मी शोधला. हातात धरूनच पोलिसांची वाट बघत बसले, तेव्हा फौजदार काळोख्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला की विळा कशाला.

पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की कंपनीच्या नियमाप्रमाणे नोंद भरत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "ताई, माझ्याकडे कलमं आहेत ती ड्रायव्हरची. निष्काळजीपणे गाडी चालवून दुखापत केली. आता ड्रायव्हर म्हणजे सीटवर कोण होतं ते. गाडी आपली आपण चालली, असं कलमच नाही माझ्याकडे. कोण चालवत होतं ते तुम्ही लोक मला कागदानिशी दाखवा, नाहीतर तुम्हीच."

म्हणून तर खासनीस साहेब कागद घेऊन आले होते. ते आमचे चाचणी विभागाचे प्रमुख.

"कंपनी तुमच्या पाठीशी आहे," ते चिंचेखाली म्हणाले. "वकील आपला. उपचार आपले. फक्त गाडीवर बोट दाखवू नका. प्रकल्प बंद पडला तर दीडशे घरांच्या चुली विझतील."

"आणि माझं लायसन्स?"

"ते जाईल कदाचित. पण तुम्हाला आपण ऑफिसात बसवू."

"ऑफिसात बसवू? मी काय फुलदाणी आहे?"

"ढमढेरे मॅडम, चिडू नका."

"पानाला थांबते नि बाईला थांबत नाही, असं का झालं ते सांगा, मग नाही चिडत."

"त्याचा तपास चालू आहे," ते म्हणाले आणि पेन पुन्हा पुढे केलं.

खरं सांगते, मी ते हातात घेतलं. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. घरी हे म्हणत होते, सही कर आणि मोकळी हो. आणि माझ्या आत एक गोष्ट होती, ती ना यांना सांगितली होती ना फौजदारांना. त्या गोष्टीपायी मलाही वाटत होतं की जाऊ दे, आपल्यालाच होऊ दे शिक्षा. पण सही केली असती तर अकरा वर्षांची चालक उज्ज्वला त्या कागदात कायमची संपली असती. उद्या तीच गाडी दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेली असती, ते वेगळंच.

तेवढ्यात आतून शिपाई आला. "साहेबांनी बोलावलंय. दोघांनाही."

आत गेलो तर काळोख्यांच्या टेबलासमोर मुजावर बसलेले. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

खासनीस साहेबांचा चेहरा उतरला. "तू इथे काय करतोयस?"

"रजा टाकलीय सर," मुजावर उभे राहत म्हणाले. "अर्ज तुमच्या टेबलावर ठेवलाय."

मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

काळोख्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. मुजावरांनी पिशवीतून एक कागद काढून दिला. मे महिन्यात त्यांनी वर पाठवलेली मेल होती. चालक उज्ज्वला ढमढेरे यांची तक्रार आहे की रस्ता बघणं आणि टॅब भरणं एकाच वेळी शक्य नाही, यात धोका आहे, मागच्या सीटवरचा माणूस परत द्यावा. माझं नाव, माझी तक्रार, तारखेसकट. खाली खासनीस साहेबांचं एका ओळीचं उत्तर होतं, की प्रात्यक्षिक होईपर्यंत असंच चालू द्या.

काळोख्यांनी ते दोनदा वाचलं.

"हा कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार आहे," खासनीस म्हणाले.

"होता," काळोखे म्हणाले. "आता माझ्या टेबलावर आहे."

मी ज्याला मनात नावं ठेवली त्या माणसानं माझं म्हणणं शब्दाला शब्द लिहून पाठवलं होतं, आणि त्याची प्रत जपून ठेवली होती. मी सुटले, असंच मला वाटलं. उठून त्यांचे हात धरावेत असं वाटत होतं.

पण मुजावर बसले नव्हते. त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला.

"साहेब, हा पण घ्या."

"हे काय?"

"अपघाताच्या आधीच्या सोमवारी मी माझ्या खोलीला दिलेली सूचना. माझी सही आहे."

खासनीस म्हणाले, "तौसिफ, विचार कर."

"केलाय सर. चार दिवस तेच केलंय."

मग त्यांनी हळूहळू, एकेक शब्द निवडत सगळं सांगितलं. शनिवारी मोठे पाहुणे गाडी बघायला येणार होते. गाडी शेताच्या कडेला गचके खाते, ते कमी करा, असं वरून आलं होतं. कसं कमी करायचं ते मुजावरांनी ठरवलं. रस्त्याच्या कडेची हलती हिरवी पानं दिसली की त्यांना नाव द्यायचं 'दुर्लक्ष'. पोरापोरींनी हजारो चित्रांवर तसं नाव घातलं. बुधवारी गाडी शिकून शहाणी झाली. बहुतेक पानांना थांबायचं बंद झालं.

"झुंबरबाई गाडीला दिसल्या नाहीत असं नाही," मुजावर म्हणाले. "दिसल्या. गाडीनं त्यांना पाला समजलं. तसं समजायला मी शिकवलं."

"तुम्हाला हे कळलं कसं नाही?" काळोखे म्हणाले. "या भागात दर दुसरी बाई डोक्यावर भारा घेऊन चालते."

"कळलं होतं." मुजावर म्हणाले. "माझ्याकडची एक मुलगी आहे, शेतकऱ्याच्या घरची. ती म्हणाली होती, सर, भारा घेतलेलं माणूस आलं तर? मी म्हटलं, शनिवारनंतर बघू."

काळोख्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मुजावर, पहिल्या कागदानं ह्या ताईंचं काम होत होतं. दुसरा तुम्ही का दिलात? ह्यात तुम्ही अडकताय."

"पहिला एकटाच दिला असता साहेब, तर मी फार चांगला दिसलो असतो."

बाई गं! मी फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण इतकं धारदार बोलणं मला आयुष्यात जमलं नाही. आणि ते दुसऱ्या कुणाला नव्हे, स्वतःला लावून बोलले. मी खाली मान घातली. कारण पहिल्या कागदावर मी फार चांगली दिसत होते.

"साहेब," मी म्हटलं, "माझा जबाब बदलायचाय."

खासनीस साहेब एकदम सावरून बसले. "बघा, मी त्यांना तेच सांगत होतो."

"तुम्ही सांगत होतात ते नाही."

काळोख्यांनी पेन उचललं. "बोला."

"मी सांगितलं की नोंद भरत होते. ती भरून झाली होती. कारण नंबर नऊ, पानं. एक बोट लावायचं, दोन सेकंदांचं काम. मग मी मान वर करायला हवी होती. नाही केली. खाली शेरा लिहायला एक चौकट असते, ती भरायची सक्ती नसते. मी शेरा लिहीत होते."

"काय शेरा?"

मला सांगवेना.

"खासनीस साहेबांना टोमणा मारत होते. रोज तेच ते लिहून वैतागले होते. 'गाडीला सांगा, वारं सुटलं की पानं हलतात' असं लिहायचं होतं. 'गाडीला सांगा, वारं सु' इथपर्यंत लिहून झालं होतं."

"हे कुठे दिसत नाही आम्हाला. टॅब बघितला आम्ही."

"धडकेनं बंद पडला. शेरा जपला गेला नाही. कुणाला कधीच कळलं नसतं." मग मला रडू आवरेना. "चार सेकंद असतील, साहेब. पाच असतील. तेवढा वेळ माझी नजर रस्त्यावर असती तर त्या बाईचं हाड शाबूत असतं. टॅब कंपनीनं लावला. पाल्याचं ह्यांनी केलं. पण टोमणा माझा होता. तो मला कुणी लिहायला लावला नव्हता."

काळोख्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मग मुजावरांकडे. शिपायाला म्हणाले, "ह्यांना पाणी दे." मग म्हणाले, "वीस वर्षं झाली मला या खात्यात. इथे माणसं येतात ती दुसऱ्याचं नाव घ्यायला. तुम्ही दोघं कुठून आलात?" आणि मान वळवून विचारलं, "खासनीस साहेब, तुमच्या वाटचं काय लिहू?"

खासनीस साहेबांनी फोन काढला आणि बोलत बोलत बाहेर गेले. माझी सही राहिलेला तो कागद त्यांच्याबरोबरच गेला.

काळोख्यांनी सगळं लिहून घेतलं. कंपनी, खासनीस, मुजावर, मी. कुणाचं काय, ते वेगवेगळं लिहिलं. त्यासाठी त्यांना कलमं कुठून कुठून शोधावी लागली देव जाणे. बाहेर आल्यावर मी मुजावरांचे हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू?" असं काहीतरी म्हणाले. ते म्हणाले, "ताई, उपकार कसले. तुम्ही पण बोललात म्हणून मला आज घरी जाऊन जेवता येईल." त्याच संध्याकाळी दोघांचीही नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन झुंबरबाईंना मी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पाय टांगलेला, मांडीत सळई. त्यांचा मुलगा दत्तू शेजारी उभा होता, त्याच्या कपाळाची शीर उडत होती.

"काय लिव्हत व्हतीस?" झुंबरबाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"वारं सुटल्यावं पानं हालत्यातच की," त्या म्हणाल्या. "त्यात लिव्हायचं काय?"

मग टांगलेल्या पायाकडे बघत म्हणाल्या, "लागलं गं मला. लय लागलं. ते काय मी इसरायची न्हाय. पन तू सांगाया आलीस. तुमच्या कंपनीचा गोरा सायेब आल्ता, त्यो नुसता फळं ठिवून गेला."

माझं लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. खटला चार वर्षं चालला. न्यायाधीश बाईंनी निकालात मुख्य दोष कंपनीवर आणि खासनीस साहेबांवर ठेवला. सीटवर माणूस बसवून त्याची नजर दुसरीकडे अडकवायची आणि पुन्हा त्यालाच चालक म्हणायचं, हे चालणार नाही, अशा अर्थाचं त्या म्हणाल्या. मुजावर आणि मी दोषी ठरलो, पण आम्हाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. ते बरोबरच होतं, माझी काही तक्रार नाही. मुजावर आता मिरजेकडे तंत्रनिकेतनात शिकवतात. दर वर्षी पहिल्या तासाला ते दोन्ही कागद मुलांना दाखवतात, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

पण माझं खरं सुटणं झालं ते निकालाच्या कितीतरी आधी.

लायसन्स परत मिळून वर्ष होत आलं होतं आणि मी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. नुसती किल्ली धरली तरी तळहात ओले व्हायचे. पोळ्या लाटून देण्याचं काम धरलं होतं. एक दिवस झुंबरबाईंचा फोन आला. "मांडीतली सळई काढलीय. उद्या चार वाजता दवाखान्यातनं घरी सोडायचेत. ये."

मला वाटलं, सोबतीला बोलावलंय. गेले. दवाखान्याच्या दारात दत्तू पिकअप घेऊन उभा होता. झुंबरबाईंना त्यानं उचलून पुढच्या सीटवर बसवलं, आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"आई म्हणतीय तुम्हीच चालवायची. मी मागं बसतो."

"नाही हो. मला नाही जमायचं आता."

"मला सांगू नका. तिला सांगा. सकाळपासनं तेच धरून बसलीय."

मी खिडकीपाशी गेले. "झुंबरबाई, तुमचा पाय मी मोडलाय."

"म्हाईत हाय की. मपलाच पाय हाय न्हवं? बस."

मी बसले. गाडी सुरू केली आणि लगेच बंद पाडली. दुसऱ्यांदा बंद पाडली. झुंबरबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. त्यांनी त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता काय लिव्हायचं न्हाय. फुडं बघ नि चल."

मी निघाले. वीस किलोमीटर होतं गाव. मी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे जात होते. दोन्ही बाजूंना कडवळ होतं, वारं होतं, आणि समोरून भारे घेतलेल्या बाया येत होत्या. मी प्रत्येकीच्या आधी थांबले. हॉर्न वाजवला नाही.

त्यांना घरात निजवून मी ओट्यावर आले आणि मुजावरांना फोन लावला. म्हटलं, आज मी गाडी चालवली. शेजारी कोण बसलं होतं ओळखा. त्यांनी ओळखलं.

"काय बोलल्या त्या वाटेत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "पहिल्या फाट्यापासून घर येईपर्यंत झोपल्या होत्या."

"झोपल्या?"

"गाढ."